दम धर, चांगो

“तोंडात धरा आणि ओढा,” हुसेनमिया म्हणाले.

मी तो रबराचा तुकडा दातांत धरला आणि ओढला. जुन्या रबराचा, मिठाचा आणि कोणाच्या तरी तंबाखूचा वास घशात गेला. हवा मात्र काही आली नाही.

“आली?”

“नाही.”

“मग चांगला आहे. आता हा दुसरा ओढा.”

दुसऱ्यातून थोडी हवा आली. मला वाटलं, हा बरा दिसतोय. हुसेनमियांनी तो माझ्या हातातून काढूनच घेतला. “सिलिंडर जोडलेला नाही. तरी हवा आली, म्हणजे ती बाहेरून आली. पाण्यात गेलात की तिथूनच पाणी येईल. हा गळतो.”

मुंबईला गोदीजवळच्या एका बोळात, जहाजांचं जुनं सामान विकणाऱ्या दुकानात मी उभा होतो. पहाटेच्या एसटीने मुरबाडहून निघालो होतो आणि पोटात एक कप चहा होता. हुसेनमिया रत्नागिरीकडचे, पंचवीस वर्षं पाणबुड्याचं काम केलेले. एका कानाने ऐकू येत नसे, म्हणून ते जरा ओरडूनच बोलायचे. मला पोहता येत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या श्वासाचं यंत्र विकत घ्यायला आलेल्या माणसाने ते सांगावं तरी कसं?

मी तेव्हा मुरबाडच्या सबडिव्हिजनला मेकॅनिकल ओव्हरसीअर होतो. साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. टोकावड्याच्या आतल्या बाजूला आमच्या ताब्यात एक लहानसा तलाव होता. त्याच्या बांधाला लागून, पाण्याच्या बाजूने उघडा असा विहिरीसारखा एक बुरूज, बुरुजाच्या तळाशी लोखंडी गेट. गेट उचललं की कालव्याला पाणी, कालव्याखाली पाच-सहा गावं. त्या वर्षी पाऊस संपल्यावर गेट उचलायला गेलो तर ते वीतभरही हलेना. गेट ज्या खाचेतून सरकतं त्या खाचेत काहीतरी अडकलं होतं आणि वर पस्तीस फूट पाणी होतं.

पूर्वी अशा वेळी मुंबईहून पितळी टोपाचे पाणबुडे यायचे. त्यांच्याबरोबर हातपंप, नळ्या, आठ माणसं. त्या वर्षी त्यांचं उत्तर आलं, उन्हाळ्याच्या आत जमणार नाही. आमच्याकडे होता एकटा चांगो.

चांगो तलावाजवळच्या गावाबाहेरच्या वाडीवर राहायचा. पस्तीस-चाळिशीचा, अंगाने सडपातळ, छाती मात्र रुंद. आमच्या खात्यात रोजंदारीवरचा खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा मजूर. दम कोंडून तळाला जायचं, गेटपुढच्या जाळीवरचं गवत हातांनी उपटायचं आणि वर यायचं, हे काम तो अकरा वर्षं करत होता. पस्तीस फुटांवरही तो जाऊन आला होता. “खाचेत वासा हाये, रावसाहेब. तिरका बसलाय. पन हात लावतू तवर दम सरतो.” तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं. मी त्याला चौथ्यांदा जाऊ दिलं नाही.

हा चांगो दर महिन्याला पगाराच्या दिवशी माझ्या टेबलासमोर उभा राहायचा. “रावसाहेब, माज्या परमनंटचा काय झाला?”

मी मान वर न करता म्हणायचो, “दम धर, चांगो.”

“धरलाय,” म्हणून तो जायचा. अकरा वर्षांत हे इतक्या वेळा झालं होतं की आम्हा दोघांनाही त्यात काही बोललोय असं वाटत नसे.

आमच्या डेप्युटी साहेबांनी एका मासिकात पाठीवर सिलिंडर लावून पाण्यात उतरलेल्या माणसाचा फोटो पाहिला होता. त्यांनी मला बोलावलं. “हे यंत्र आणा. चांगोच्या तोंडात द्या. वासा निघाला तर त्याच्या परमनंटची शिफारस मी स्वतः लिहीन.”

मी चांगोला विचारलं. तो म्हणाला, “यंत्र तुमी बगून आनाल ना?” मी हो म्हटलं. त्याने पुढे काही विचारलं नाही. त्या दिवसापासून माझी झोप उडाली, कारण तो माझ्या भरवशावर पाण्यात उतरणार होता आणि यंत्राला भोक असलं तर मरणार तो होता.

आता रेग्युलेटर म्हणजे काय ते सांगतो. सिलिंडरमध्ये हवा प्रचंड दाबाने कोंबलेली असते. ती तशीच तोंडात सोडली तर माणूस जागीच संपेल. मधे एक डबी बसवतात, तोच रेग्युलेटर. डबीत रबराचा पडदा असतो. तुम्ही श्वास ओढला की पडदा आत दबतो, झडप उघडते आणि तुमच्याभोवती पाण्याचा जेवढा दाब आहे तेवढ्याच दाबाची हवा तोंडात येते. ओढायचं थांबलात की झडप बंद. बस, एवढंच. पण ही एवढीशी डबी बिघडली तर पाठीवर कितीही हवा असो, काही उपयोग नाही.

हे मला समजलं. वरच्या ऑफिसला समजावता समजावता दीड महिना गेला. माझ्या मागणीवर शेरा आला: ‘सबडिव्हिजनला वीज नाही, पंखा नाही. सबब रेग्युलेटरचे प्रयोजन कळवावे.’ मी कळवलं. पुन्हा शेरा आला: ‘पंखा केव्हा खरेदी केला?’ मग मी चित्र काढून पाठवलं. चित्रातल्या माणसाला मिशा काढल्या होत्या, त्याही चांगोसारख्या. शेवटी मंजुरी आली तेव्हा नव्या यंत्राची निम्मी किंमतही त्यात बसत नव्हती.

म्हणून मी हुसेनमियांच्या दुकानात. नवा रेग्युलेटर फक्त कॅटलॉगमध्ये होता. तो परदेशातून मागवायचा, त्याला लायसन्स हवं, तो येईपर्यंत पुढचा पाऊस आला असता. उरले टेबलावरचे दोन जुने. एक मोठ्या ऐटीचा, दोन जाड नळ्या मानेच्या दोन्ही बाजूंनी येणारा. तो स्वस्त होता आणि दिसायला भारदस्त. दुसरा एका नळीचा, लहानखुरा, कडेला पोचा आलेला, आणि त्याची किंमत जास्त.

“साहेब विचारतील, स्वस्त का नाही घेतला,” मी म्हणालो.

“सांगा, स्वस्त होता म्हणून. ह्या दोन नळ्या चिरल्यात. बदलायच्या तर हिंदुस्तानात मिळत नाहीत. हा छोटा घ्या. ह्याचा पडदा मी इथे कापून देतो. स्प्रिंग दमली आहे, ओढायला थोडा जड जाईल. पण तोंडात पाणी शिरलं तर हे बटण दाबायचं, पाणी बाहेर. त्या मोठ्यात पाणी शिरलं की नवा माणूस घाबरतो.”

मी पडदा उजेडात धरून पाहिला. झडप बोटाने दाबून पाहिली. बादलीत बुडवून पाच मिनिटं बुडबुडे मोजले. हुसेनमियांना माझा कंटाळा आला असेल. शेवटी त्यांनी विचारलं, “उतरणार कोण? तुम्ही?”

“नाही. माझा खलाशी.”

“त्याला नीट समजवा,” म्हणत त्यांनी मला एका कागदावर चार नियम इंग्रजीत टाइप करून दिले. मी तो लहान रेग्युलेटर घेतला, भरलेला सिलिंडर घेतला आणि कल्याणहून एसटीत बसलो. कंडक्टरने विचारलं, “ह्यात काय आहे?” मी म्हणालो, “हवा.” त्याने माझ्याकडे आणि सिलिंडरकडे पाहिलं आणि हवेचं लगेज तिकीट फाडलं.

पहिली चाचणी आम्ही तलावावरच्या आमच्या चौकीजवळच्या विहिरीत घेतली. अठरा फूट पाणी, तळ दिसणारं. दिवस चढलेला. चांगोची बायको सोमी पाण्याला आली होती, ती हंडा ठेवून काठावर बसली. चांगोच्या कमरेला मी दोरी बांधली. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे वर येतो.

मग मी कागद काढला आणि नियम मराठीत सांगू लागलो. कागदावर सगळ्यात वर ठळक अक्षरात लिहिलं होतं की वर येताना श्वास रोखायचा नाही. मी चांगोला म्हणालो, “श्वासोच्छ्वास अखंड चालू ठेवायचा.”

“हो, रावसाहेब.”

दुसरा नियम होता, वर येताना घाई करायची नाही. मी म्हणालो, “आणि वर येताना धावत सुटू नको. दम धर. अगदी दम धरून ये.”

“हो, रावसाहेब,” चांगो म्हणाला. पहिल्या ‘हो’पेक्षा हा ‘हो’ जोरदार होता. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं.

तो उतरला. तळाला जाऊन मांडी घालून बसला. बुडबुड्यांचे झुबके नेमाने वर येत राहिले. एक मिनिट, दोन, पाच. विहिरीभोवती जमलेले लोक आधी गप्प होते, मग हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, “आता बिडी पन वढंल तिथं.” दहा मिनिटांनी दोरीला दोन हिसके बसले. चांगो सावकाश वर येऊ लागला. बुडबुडे थांबले होते. मला इतका आनंद झाला! किती शहाण्यासारखा येतोय पाहा, असं मी मनात म्हणालो.

तो पाण्याबाहेर आला, तोंडातलं रबर काढलं आणि हसला. मग खोकला. दुसऱ्यांदा खोकला तेव्हा त्याच्या ओठांवर फेस आला आणि तो फेस गुलाबी होता.

“छातीत काय तरी फाटला,” तो म्हणाला आणि काठावर आडवा झाला.

सोमी माझ्याकडे बघत होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आम्ही त्याला बैलगाडीत घालून मुरबाडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ छाती ऐकली. त्यांना आधी टीबीचा संशय आला, मग तो गेला. “आत कुठेतरी फुप्फुसाला इजा आहे. थोडक्यात वाचलाय. पंधरा दिवस झोपून राहू दे. पाण्याजवळ पाठवू नका,” ते म्हणाले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “कसलं यंत्र लावलं होतं तुम्ही त्याला?”

“सेकंडहँड,” मी म्हणालो.

डेप्युटी साहेब त्या संध्याकाळी एवढंच म्हणाले, “जुनं आणलंत ना? तरी मला शंका होती.” मंजुरी निम्मी दिली होती, हे त्यांना आठवत नव्हतं आणि आठवण करून देण्याची माझ्यात ताकद नव्हती. मी रेग्युलेटर टेबलावर खोलून ठेवला. पडदा ठीक. झडप ठीक. स्प्रिंग दमलेली, पण तेवढीच. दोनदा खोलला, दोनदा जोडला. खोट सापडत नव्हती, म्हणून तर मी जास्त घाबरलो. दिसणारी खोट काढता येते हो, न दिसणारीचं काय करायचं?

तिसऱ्या दिवशी मी ते यंत्र घेऊन परत हुसेनमियांच्या दारात. रागाने गेलो होतो. राग त्यांच्यावर काढला की माझ्यावरचा कमी होईल असा हिशेब होता.

“तुमच्या यंत्राने माझा माणूस रक्त ओकला.”

हुसेनमियांनी रेग्युलेटर सिलिंडरला जोडला, तोंडात धरला आणि समोरच्या पिंपात डोकं घालून बसले. बरीच मिनिटं. डोकं बाहेर काढून पुसलं. “मशीन ठीक आहे. तुमचा माणूस वर कसा आला?”

“सावकाश आला. अगदी सावकाश.”

“वर येताना बुडबुडे होते?”

मी आठवून पाहिलं. ती विहीर, ते हिरवं पाणी, काठावरचे लोक, आणि माझा आनंद. “नव्हते,” मी म्हणालो. “थांबले होते.”

हुसेनमियांनी मला खुर्चीवर बसवलं. मग मला जे समजावलं ते मला आधीपासून माहीत होतं, फक्त माझ्या डोक्यात ते कागदावरच राहिलं होतं. साधा पाणबुड्या काठावर छाती भरून घेतो. खाली पाण्याचा दाब ती हवा दाबतो, वर आला की ती पुन्हा पहिल्याएवढी होते. त्याने दम कोंडला तरी बिघडत नाही. उलट तो कोंडतो म्हणूनच जगतो. पण यंत्रवाला माणूस खालच्या दाबाची हवा खालीच छातीत भरतो. वर येताना दाब कमी होतो आणि ती हवा फुगायला लागते. तेहतीस फुटांवरून तोंड मिटून आला तर ती दुप्पट होते. छाती दुप्पट होत नाही. मग ती आतून फाटते.

“अठरा फुटांवर वाचला,” हुसेनमिया म्हणाले. “तुमच्या तलावात असता तर काठावर मेलेलाच आला असता. जा, त्याला विचारा, दम का कोंडला.”

मी मुरबाडला उतरलो तो तडक वाडीवर गेलो. चांगो झोपडीच्या पुढच्या अंगणात खाटेवर पडला होता. सोमी चुलीशी होती, चूल अंगणातच. मी खाटेच्या कडेला बसलो.

“चांगो, वर येताना तू श्वास का कोंडलास?”

“तुमीच तं सांगला.”

“मी? मी तर चालू ठेव म्हणालो होतो.”

“ता काय तो अखंड शब्द बोलला, तो मना नाय समाजला. मंग तुमी नीट बोलला, दम धर, दम धरून ये. ता समाजला. धरला.”

“अरे, मी म्हणालो दम धर, म्हणजे घाई नको. सावकाश. तुला रोज नाही का म्हणत मी ऑफिसात?”

चांगो थोडा हसला. हसताना छाती दुखली म्हणून हात छातीवर ठेवला. “आफिसात दम धर म्हंजे थांब. पान्यात दम धर म्हंजे दम धर. पान्यात त्याचा दुसरा काय व्हनार, रावसाहेब?”

दीड महिना मी ऑफिसला पत्रं लिहिली, एक पूर्ण दिवस रबर हुंगलं, स्प्रिंग तपासली, बुडबुडे मोजले. आणि माझ्याच तोंडचे दोन शब्द तपासले नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चांगोचे पाय धरणार होतो, पण तो पाय आखडून घेईल आणि त्याची छाती दुखेल म्हणून नुसता बसून राहिलो.

“तुमी शिकलेली मानसं,” सोमी चुलीकडून म्हणाली. आता ती बोलायला लागली आणि मला बरं वाटलं. “आमाला समजल असा एक सबुद नाय तुमच्याकं. आता काय करायचा होता त्यानं, ता तरी सांगा मना.”

“वर येताना हवा सोडत राहायचं. तोंडातून. न थांबता.”

“म्हंजे फुकायचा.”

“काय?”

तिने फुंकणी उचलली आणि चुलीत एक लांब, संथ फुंकर घातली. निखारे लाल झाले. “अशी. म्हनावा फुकत ये. जीव जाई तवर नको, येवडा धीमा फुक. येवडा सांगाया काय झाला व्हता?”

चांगोने खाटेवर पडल्या पडल्या ओठांचा चंबू केला आणि फुंकून दाखवलं. मी त्याला पुन्हा करायला लावलं. मग म्हणालो, “आता मला सांग, वर येताना काय करायचं?”

“फुकायचा.”

“घाई?”

“नाय करायची. माज्याच बुडबुड्याच्या मागं राहाचा.”

हे शेवटचं मी त्याला सांगितलं नव्हतं. ते त्याचं त्यानेच जुळवलं, आणि कागदावरच्या तिसऱ्या नियमात नेमकं तेच लिहिलं होतं.

मी त्याला सांगितलं, “तू नाही म्हणालास तरी चालेल. मी डेप्युटी साहेबांना सांगेन, यंत्र निकामी आहे.”

“मंग परमनंट?”

मी चुलीकडे पाहिलं. तोच म्हणाला, “मशीन बरा हाये. बोलनं वाकडा व्हता. ता सुदारला आता.” सोमीने ह्यावर फुंकणी चुलीजवळ आपटली, पण नको म्हणाली नाही.

डॉक्टरांनी पंधराचे वीस दिवस केले. तिथून पुढे आम्ही आधी विहिरीच्या पायऱ्यांवर, मग अर्ध्या पाण्यात, मग तळापासून, असं सहा वेळा त्याला वर आणून पाहिलं. प्रत्येक वेळी बुडबुड्यांची एक अखंड माळ त्याच्या पुढे वर यायची. म्हसा गावची जत्रा तोंडावर आली होती. जत्रेच्या आधी कालव्याला पाणी येईल, असं गावांना मी कधीतरी सांगून बसलो होतो आणि लोक रोज विचारायला येत होते.

सिलिंडर मुंबईहून पुन्हा भरून आणला. तलावावर गेलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बुरुजाच्या उघड्या बाजूला लावलेल्या होडीत मी, दोरी धरायला दोन खलाशी, आणि बांधावर सोमी. चांगोने रबर दातांत धरलं, माझ्याकडे बघून गाल फुगवले आणि फुंकून दाखवलं. मग तो बुरुजाच्या शिडीने खाली गेला.

पहिल्या खेपेला त्याने वाशाला दोर बांधला आणि फुंकत वर आला. दुसऱ्या खेपेला आम्ही वरून ओढलं आणि त्याने खालून पहारीने उचकटलं. दोर एकदम सैल पडला आणि काळा, शेवाळलेला सागाचा वासा बुरुजात उफाळून वर आला. खलाशी ओरडले. मी घड्याळ पाहिलं. सिलिंडरला काटा नव्हता, किती हवा उरली ते घड्याळावरूनच समजायचं. अजून होती.

दोन हिसके बसले. चांगो निघाला. बुडबुड्यांची माळ वर येऊ लागली. आणि मध्येच थांबली.

काहीच नाही. पाणी सपाट. मी दोरी हातात घेतली, ती ताठ होती. ओढावी तर तो वर येईल, आणि दम कोंडलेला असेल तर मीच त्याची छाती फाडीन. न ओढावी तर कदाचित तो बुडतोय. खलाशी म्हणाला, “वढू काय?” मी म्हणालो, “नको! थांब!” बांधावरून सोमी ओरडली, “फुक रे! फुक!” पाण्याखाली त्याला ऐकू येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मीही ओरडलो. पोहता न येणारा, सरकारी टोपी घातलेला माणूस होडीच्या कडेवर ओणवा होऊन पाण्यावर ओरडत होता, “फुंक, चांगो! फुंक!”

मग एक मोठा बुडबुडा आला. त्याच्या मागून पुन्हा माळ सुरू झाली.

चांगोने डोकं बाहेर काढलं, होडीला हात लावला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो खोकला नाही.

“दोरी शिडीत अडाकली व्हती,” तो म्हणाला. “सोडवीत व्हतू. हाताला काम लागला का दम आपसूक धरला जातो, रावसाहेब. अकरा वर्साची खोड. पन तवर वर नाय सरकलू. आदी फुकला, मंग सरकलू.”

मी रडलो. होडीत, दोन खलाश्यांच्या समोर. नंतर त्यांपैकी एकाने ऑफिसात ते रंगवून सांगितलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

दुपारी गेट उचललं. कालव्याला पाणी गेलं. डेप्युटी साहेब जीपने येऊन वासा बघून गेले. शिफारस त्यांनी खरंच लिहिली, कबूल करायला हवं. ती ठाण्याच्या वरच्या ऑफिसला गेली आणि बाकीच्या कागदांसारखी तिथेच राहिली. जत्रा झाली, शिमगा झाला. चांगोचा खोकला गेला, पण थंड हवा लागली की छाती दुखते म्हणायचा.

एका पगाराच्या दिवशी तो नेहमीसारखा माझ्या टेबलासमोर आला. “रावसाहेब, माज्या आर्डरीचा काय झाला?”

माझी मान खालीच होती. सवयीने तोंड उघडलं. “द” म्हणालो आणि गप्प झालो. मान वर केली.

चांगो हसत होता. “बोला ना,” तो म्हणाला. “आता कोरड्यात हाये मी.”

मी पेन खाली ठेवलं, टोपी घातली आणि तसाच उठून एसटी पकडली. ठाण्याला दोन दिवस एका बाकावर बसून राहिलो. तिथल्या कारकुनाने पहिल्या दिवशी चारदा मला तेच दोन शब्द ऐकवले. तुम्हाला ते कळलेच असतील. मी प्रत्येक वेळी म्हणालो, “नाही धरत,” आणि बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंटाळून त्याने ऑर्डर टाइप केली.

पुढे आमच्या खात्यात चांगली यंत्रं आली, नवीन पोरं आली. ती मला विचारायची, पहिला रेग्युलेटर कोणता घ्यावा, बजेट कमी आहे. मी सांगायचो, जुना घेतलात तरी चालेल, पण सिलिंडर न जोडता ओढून बघा आणि ज्याचं रबर इथे मिळतं तोच घ्या. मग ज्याच्या तोंडात तो द्यायचा त्याला काय करायचं ते सांगा, आणि ते त्याच्या शब्दांत त्याच्याकडून परत ऐका. तुमच्या शब्दांत त्याने हो म्हटलं तर उतरवू नका.